आतून न उघडणारं कुलूप

पाच वर्षांपूर्वी मी आमच्या कोठीच्या खोलीला असं कुलूप बसवून घेतलं, जे आतून उघडतच नाही.

कुलूपवाला भला माणूस होता. दार ओढलं की आपोआप खट्ट करून लागतं, हे त्यानं दोनदा दाखवलं. बाहेरून किल्ली फिरवून उघडून दाखवलं. मग जरा थांबून म्हणाला, "माताजी, अंदर से नहीं खुलेगा. चलेगा?"

"अंदर कौन रहने वाला है, भैया? चावल?" मी म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर खो खो हसले. तो हसला नाही. अवजारं पिशवीत भरताना त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, तेवढंच.

आज मी सदुसष्ट वर्षांची आहे. ती बाई बासष्टची होती. ती मीच असले तरी तिचं नि माझं फारसं जमत नाही. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चेहऱ्यावर जेलरचा भाव, आणि जगातलं सगळं आपल्याला कळतं ही खात्री. कुलूप चोरांसाठी नव्हतं. रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरात चोरण्यासारखं होतंच काय? तांदळाच्या पिशव्या आणि नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीची निरोपाची भिंतघड्याळं. दोन. कुलूप माझ्या साडेसहा वर्षांच्या नातीसाठी होतं.

नात म्हणजे मुलीची मुलगी. मायलेकी तीन वर्षांपासून माझ्याकडे राहत होत्या. त्याआधी त्या भनपुरीला होत्या. ते दिवस आधीच सांगून टाकते, नाहीतर गमती सांगता सांगता नेमकं तेवढंच मी टाळीन.

मुलीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. जावई छत्तीसगढी, भनपुरीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेख करायचा. आमचे हे तोवर गेले होते. घरातला शेवटचा शब्द माझा झाला होता आणि तो मी वापरून टाकला, "पुन्हा या दारात येऊ नको." बोललेला शब्द परत कसा घेतात हे मला येत नव्हतं. आमच्या घरून भनपुरी ऑटोनं अर्धा तास. त्या अर्ध्या तासाच्या अलीकडे मी पाच वर्षं बसून राहिले.

तिकडे गोदाम बंद पडलं. जावई मिळेल त्या ट्रकवर हमाली करू लागला. मुलीला दिवस गेले तेव्हा तिची साखर वाढली, आणि त्याच वेळी घरात दोन वेळचं धड नव्हतं. म्हणजे रक्तात साखर जास्त आणि ताटात भात कमी. पोर जन्मली ती मुठीएवढी. नंतरची साडेतीन वर्षं एका खोलीत गेली. कधी चूल पेटायची, कधी शेजारीण पोरीला पेज पाजायची. मुलगी काम शोधायला बाहेर पडायची तेव्हा पोरीला आत ठेवून बाहेरून कडी लावायची. मग जावई काविळीनं गेला. मला निरोप आला तेव्हा मी ऑटोत बसले आणि अर्ध्या तासात पोचले. खरंच अर्धाच तास लागतो.

घरी आणलं त्या दिवशी पोरीनं ताटातला भात दोन्ही हातांनी तोंडात कोंबला आणि उरलेला फ्रॉकच्या खिशात भरला. मी पदराआड रडले, आणि दुसऱ्या दिवसापासून तिची साडेतीन वर्षं साडेतीन महिन्यांत भरून काढायला निघाले. शिरा, लाडू, साखरपोळी, सायीवर साखर. ती जेवढं खायची तेवढं मला हलकं वाटायचं. माझ्या वडिलांचा एक पाय मधुमेहापायी कापावा लागला होता, मोठ्या भावाची दृष्टी गेली होती, आणि मी स्वतः वीस वर्षं गोळ्या खात होते. तरी त्या पोरीच्या ताटात साखर वाढताना मला यातलं काही आठवलं नाही.

ती भरली, गुटगुटीत झाली. पण तिचं सगळंच घाईचं. जिना उतरायचा तर शेवटच्या चार पायऱ्या उडी मारून. शाळेत प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर, तेही भलत्याच प्रश्नाचं. रांगेत उभी केली तर पुढच्याला ढकलून पहिली. रस्ता दिसला की पळत सुटायची. बोलायची हिंदीत, मराठी कळायचं सगळं, आणि मधेच पारावरच्या पोरांकडून उचललेलं छत्तीसगढी "हव", म्हणजे "हो", म्हणायची. पण "थांब" हा शब्द तिला तिन्ही भाषांत कळत नव्हता.

मग तिच्या मानेवर मागच्या बाजूला काळसर पट्टा दिसायला लागला. मखमलीसारखा, जाडसर. मी म्हटलं, मळ. रोज सकाळी डाळीचं पीठ, हळद आणि साय घेऊन मी तिची मान घासायची. पोर ओरडायची, "आजी, जल रहा है!" मी म्हणायची, "खेळून खेळून मळवून आणते अन् वर बोंबलते!" पंधरा दिवस घासली. मान लाल झाली, पट्टा तसाच.

शेवटी मुलीनं आम्हा दोघींना समता कॉलोनीतल्या एका दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरीण तरुण होती. तिनं मान पाहिली, पोट पाहिलं, वजन केलं, आणि मला विचारलं, "घर में शुगर किस-किस को है?" मी यादी सुरू केली. तिनं अर्ध्यातच लिहिणं थांबवलं.

"माताजी, ये मैल नहीं है. इसको रगड़िए मत. शरीर शुगर को ठीक से संभाल नहीं पा रहा, उसकी निशानी है. खानदान से मिला है." मग पोरीकडे पाहत म्हणाली, "बचपन कैसा गया इसका?"

मी भनपुरीचं जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. पोर तोवर टेबलावरचा पेपरवेट उचलून खाली टाकून मोकळी झाली होती.

डॉक्टरणीनं तो उचलून जागेवर ठेवला आणि मला समजावलं. म्हणाली, जे मूल पोटात असल्यापासून उपाशी-तापाशी वाढलं, त्याचं शरीर आलेला घास धरून ठेवायला शिकतं आणि मन आलेली वस्तू लगेच झडप घालून घ्यायला. घराण्याचा भाग वेगळा आणि गेलेल्या दिवसांचा वेगळा, पण दोन्ही एकमेकांना ओढतात. किती कशामुळे, हे डॉक्टर लोकही अजून पुरतं सांगू शकत नाहीत. "जिद्दी नहीं है ये. जिसने देखा हो कि सामने की चीज़ शाम तक नहीं बचेगी, वो रुकेगा क्यों? इसको रोज़ टाइम पर खिलाइए. उसी टाइम पर. भरोसा होने दीजिए. और हाँ, मीठा कम."

एवढ्या सगळ्यातून त्या बासष्ट वर्षांच्या विद्वान बाईनं घरी काय आणलं? मीठा कम.

त्याच आठवड्यात शाळेतून चिठ्ठी आली. पोरीनं मधल्या सुट्टीत तिसऱ्यांदा दुसऱ्याचा डबा हिसकावला होता. मी कुलूपवाल्याला बोलावलं. साखर, गूळ, बिस्किटं, लाडू, शेंगदाणे, सगळं कोठीत नेऊन ठेवलं आणि दार ओढलं. खट्ट. फार बरं वाटलं.

मुलगी नवा रायपूरला एका कार्यालयात कामाला. बसनं यायला साडेसात होतात. आल्या आल्या तिची नजर दाराकडे गेली.

"आई, हे काय लावलं?"

"कुलूप."

"ते दिसून राहिलं मले. काहून लावलं?"

"शाळेतून चिठ्ठी आली, डॉक्टरनं गोड बंद सांगितलं. या घरात कोणी कडक व्हायले पाहिजे का नाही?"

ती खुर्चीत बसली. पर्स मांडीवरच. आवाज मुळीच चढवला नाही, म्हणून मी घाबरले.

"भनपुरीला मी तिले आत ठेवून बाहेरून कडी लावायची. तेव्हा माझा इलाज नव्हता. इथं आहे. कोजागिरीपर्यंत हे कुलूप निघालं नाही, तर मी खोली पाहतो. मंग तू अन् तुझं कुलूप राहा सुखानं."

कोजागिरीला तीन आठवडे होते.

आता खरी गंमत ऐका. कुलूप काढायला मला दोन मिनिटं लागली असती. पण काढलं असतं तर मी चुकले असं झालं असतं, आणि चुकायची मला सवय नव्हती. ठेवलं तर मायलेकी जाणार. काढवत नव्हतं आणि ठेवता येत नव्हतं. शिवाय रोजचा ताप निराळा. आंघोळीला गेले की किल्ल्या न्हाणीत खुंटीला. झोपले की उशाखाली. भजनाला जायचं तर किल्ल्या कुणाजवळ ठेवू? म्हणून भजन बंद. शेजारणीकडे जायचं बंद. पोर कोठीच्या दारासमोर पाट टाकून बसायची आणि मी तिच्यासमोर खुर्ची टाकून. दोघी एकमेकींवर पहारा देत. ती दाराच्या फटीला नाक लावून सांगायची, "आजी, गुड़ का डिब्बा लेफ्ट में है ना?" वासावरून. मी म्हणायची, "नाही." ती म्हणायची, "झूठ."

आठवडाभर असं गेल्यावर मला ती कल्पना सुचली. तिचा मला इतका अभिमान वाटला होता की आज आठवलं तरी कान गरम होतात.

घरात भुलाबाई बसली होती. आम्ही विदर्भातले लोक कुठंही गेलो तरी पोरींच्या हौसेसाठी भुलाबाई-भुलोजीच्या मातीच्या मूर्ती मांडतोच. कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी मुली जमतात, टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात, आणि शेवटी खिरापत. पण खिरापत अशी सहज मिळत नाही. बंद डब्यात काय आहे ते मुलींनी ओळखायचं. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा, गोड का खारट विचारायचं, आणि ओळखलं की मगच झाकण निघतं. आमच्या इथं दोन मराठी आणि तीन हिंदी बोलणाऱ्या पोरी यायच्या. गाणी हिंदी वळणानं म्हणायच्या, पण खिरापत अस्सल मराठीत खायच्या.

मला वाटलं, थांबायला शिकवणारा याहून चांगला खेळ कोणता? बेत असा. कोजागिरीच्या दोन दिवस आधी नातीनं खिरापतीचा डबा मांडीवर घेऊन बसायचं. सगळी गाणी होईपर्यंत हलवायचा नाही, हुंगायचा नाही, बोलायचं नाही. शेवटी बाकीच्या मुली ओळखतील. तिनं हे करून दाखवलं की मी मुलीसमोर कुलूप काढणार. माझाही मान राहील, पोरही सुधारेल, आणि कुणीही कुठं जाणार नाही.

खिरापत म्हणून मी बेसनाचे लाडू केले. ते तिचे जीव की प्राण. आणि तिच्या वाट्याला ठेवले फुटाणे, कारण गोड बंद.

पुन्हा वाचा. लाडू तिच्या मांडीवर आणि तिच्यासाठी फुटाणे. हे मी पूर्ण शुद्धीत असताना ठरवलं.

सकाळीच मी तिला बजावलं. "आज तू थांबून दाखवलं ना, तर मी कुलूप काढीन. मम्मी कुठं जाणार नाही, तू पण नाही."

तिनं डोळे बारीक केले. "पक्का?"

"पक्का."

"हव," म्हणाली, आणि दिवसभर इतकी शहाण्यासारखी वागली की मला शंकाच आली.

संध्याकाळी मुली आल्या. समई लावली. पोर डबा मांडीवर घेऊन पाठ ताठ करून बसली. पहिलं गाणं झालं. तिचे ओठ घट्ट मिटलेले, पायाची बोटं मात्र आखडत होती, सुटत होती. दुसरं गाणं झालं. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर तिचं नाक झाकणापाशी गेलं. मी डोळे वटारले. तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडातून निसटलंच.

"बेसन के लड्डू! आजी, बेसन के लड्डू हैं!"

गाणं बंद पडलं. मुली भडकल्या. "आजी, ये चीटिंग है! गेम खराब कर दिया!" एक तर टिपऱ्या टाकून उभीच राहिली. दोन्ही हात तोंडावर दाबून पोर माझ्याकडे बघत होती. आपलं आपल्यालाच कळण्याआधी बोलून गेलं होतं, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. मला दिसलं. तरी मी पाच मुलींसमोर म्हणाले, "एवढंसं थांबता येत नाही तुले? अशा पोट्टीले कोणी घरात ठेवत नसते!"

तिनं हात खाली घेतले.

"ये मेरा घर नहीं है?"

तिनं डबा छातीशी धरला आणि आत पळाली. फुटाणे काढायला मी कोठी उघडी ठेवली होती. दार लागू नये म्हणून तांदळाची पिशवी अडवलेली, आणि जुडगा बाहेर कुलपातच लटकत होता. ती आत शिरली. मी मुलींना म्हटलं, "जा ग, घरी जा, आज झालं." त्या कुरकुरत गेल्या. मग मी पदर खोचला आणि तिला कान धरून बाहेर काढायला तरातरा निघाले. पिशवी मधे येत होती. ती पायानं सरकवली आणि आत गेले.

खट्ट.

दिव्याचं बटण बाहेर. वर एक जाळीचा झरोका, त्यातून येईल तेवढाच उजेड. मी दार ढकललं. ओढायला आत काहीच नव्हतं, नुसती गुळगुळीत फळी. "अग ए!" मी हाका मारल्या. बाहेर समई जळत होती, तिच्या शेजारी कागदाचं मखर. शेजारच्या घरात टीव्ही मोठ्यानं चालू. माझा मोबाइल दिवाणखान्यात वाजला, वाजून वाजून थांबला. साडेसहा झाले असतील. मुलगी साडेसातला येणार.

मी दारावर मुठी मारल्या. मग चपलेनं मारलं. मग घाम फुटला. तांदूळ, गूळ, हिंग, सगळ्याचा वास एकदम अंगावर आला आणि मला वाटलं, ही भिंत जवळ येते आहे. वडिलांचा पाय, भावाचे डोळे, माझ्या गोळ्या, पोरीची मान. सगळे याच खोलीत कोंबलेत आणि किल्ली बाहेर.

"आजी." कोपऱ्यातून आवाज आला. अगदी शांत. "मारो मत. हाथ दुखेगा."

"अग, दार लागलं!"

"हाँ, पता है. पहले रोना नहीं. रोने से प्यास लगती है." ती पिशव्यांवरून सरकत माझ्याजवळ आली. "नीचे बैठो. दरवाज़े के नीचे से देखते हैं. पहले उजाला दिखता है, फिर पाँव दिखता है. पाँव आया मतलब मम्मी आ गई."

मी खाली बसले. गुडघे वाजले. तिनं गाल फरशीला टेकवला आणि फटीतून बघायला लागली. जणू हे तिचं रोजचं काम.

"तुले हे कसं ठाऊक?"

"वो पुराने वाले घर में." एवढं सांगून ती पुन्हा बघायला लागली.

साडेतीन वर्षांच्या पोरीला काय आठवणार, असं मी तीन वर्षं धरून चालले होते.

"तिथं तुझ्याजवळ खायले काही ठेवायची का मम्मी?" मी विचारलं.

"रोटी. पर मैं पहले ही खा लेती थी. रखो तो चूहा ले जाता था." मग, जणू मला एखादी सोपी गोष्ट समजावत होती, "चूहा रुकता नहीं ना, आजी."

मी डोकं दाराला टेकवलं. ही थांबत नाही म्हणून आम्ही सगळे तिच्या मागे. आणि ही तर बंद दाराआड थांबायचं कसं, यात आम्हा सगळ्यांच्या पुढे होती. फक्त समोरचा घास तेवढा थांबणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

इथं एखाद्या भल्या आजीनं नातीला जवळ घेतलं असतं. मी काय केलं ते सांगते.

डबा तिच्या मांडीवर होता. तिनं झाकण उघडलं होतं, पण लाडू खाल्ला नव्हता. मला तुपात भाजलेल्या बेसनाचा वास येत होता. गेल्या काही वर्षांत मी लाडू फक्त वळले होते. मी आजवर साऱ्या नातेवाईकांना सांगत आले आहे की त्या दिवशी माझी साखर एकदम उतरली, डोळ्यांपुढे अंधारी आली, जिवावर बेतलं म्हणून खावा लागला. खोटं आहे. हात कापत नव्हते, अंधारी वगैरे काही नव्हती. दार बंद होतं, अंधार होता, आणि मला वाटलं, कुणास ठाऊक ते उघडेल की नाही. जे आहे ते आत्ता आहे. मी डब्यात हात घातला आणि एक लाडू अख्खा तोंडात कोंबला. तो गिळायच्या आत दुसरा हातात घेतला होता.

पोर फरशीवरून उठून बसली. झरोक्याच्या उजेडात तिचे डोळे केवढे मोठे झाले होते.

"आजी... आपको भी?"

तोंड भरलेलं होतं. मी मान हलवली.

तिनं यावर बराच विचार केला. मग डबा माझ्याकडे थोडा सरकवला आणि स्वतः एक लाडू घेतला. आम्ही दोघी अंधारात दाराला पाठ टेकून लाडू खात बसलो. तिनं अर्धा खाल्ला, अर्धा फ्रॉकच्या खिशात ठेवला. माझ्या कंबरेला किल्ल्यांची जागा रिकामी होती आणि पदराला बेसन लागलं होतं.

"मम्मीले सांगायचं नाही बरं," मी म्हणाले. "माझं तू नको सांगू, तुझं मी नाही सांगत."

"हव."

"शपथ?"

"हव, आजी, बोल दिया ना."

मग पुष्कळ वेळ गेला. ती फटीतून बघत होती, मी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते. मान लागली तेव्हा तिनं सवयीनं खांदे आक्रसले. घासते की काय म्हणून. मी हात मागे घेतला.

"उजाला!" ती एकदम ओरडली. "पाँव! मम्मी का पाँव!"

किल्ली फिरली, दार उघडलं, उजेड डोळ्यांत घुसला. मुलगी दारात, पर्स खांद्याला, चेहरा पांढराफटक. तिनं तोंड उघडायच्या आत माझी साथीदार उडी मारून उभी राहिली आणि एका दमात बोलून मोकळी झाली.

"मम्मी, आजी ने दो लड्डू खाए और मैंने एक खाया, पूरा नहीं, आधा, और आजी ने बोला मम्मी को मत बताना!"

"साखर उतरली होती माझी," मी फरशीवरून म्हणाले.

"नहीं उतरी थी," पोर म्हणाली. "आजी को बस खाना था."

मुलगी दाराच्या चौकटीला टेकली. आधी मला वाटलं रडते आहे, मग वाटलं हसते आहे. काय होतं ते आजही सांगता येत नाही. तिनं मला हात धरून उठवलं, खुर्चीत बसवलं, समई विझवली, आणि भात टाकायला आत गेली. पोर मागोमाग, खिशातला अर्धा लाडू दाबून.

पुढचं थोडक्यात सांगते. कुलूप दुसऱ्या दिवशी सकाळी निघालं. मी कुणालाही न सांगता एकटीच डॉक्टरणीकडे गेले आणि म्हटलं, मागच्या वेळी अर्धं ऐकलं, आता सगळं सांगा. तिनं सगळं पुन्हा सांगितलं. तेव्हापासून या घरात चारला म्हणजे चारला खायला मिळतं, पाऊस असो की पाहुणे. खालच्या फळीवर फुटाण्यांचा डबा उघडा असतो. पहिले सहा महिने ती तो दिवसातून दहादा तपासायची, आणि फुटाणे उशीत, दप्तरात, बुटात सापडायचे. शाळा बदलावी लागली. आज ती अकरा वर्षांची आहे. मानेवरचा पट्टा फिका झालाय, गेला नाही. वर्षातून दोनदा रक्त तपासतो, तिचं आणि माझं एकाच दिवशी, आणि सुई बघून दोघींपैकी मीच जास्त ओरडते. रस्ता ती अजूनही न बघता ओलांडते. उत्तर अजूनही प्रश्नाच्या आधी देते. माझ्या घराण्याचं रक्त तिच्यात आहे, त्यातून तिला बाहेर काढायची किल्ली माझ्याजवळ नाही.

मायलेकी गेल्या नाहीत. मुलीनं तेव्हा एक खोली बघून ठेवली होती, आगाऊ बोलणीही केली होती, हे मला दोन वर्षांनी कळलं.

पण त्या संध्याकाळी जेवताना ती काय म्हणाली, ते मी जसंच्या तसं लिहिते. त्यात मला एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. तिनं पोरीच्या ताटात भात वाढला, माझ्या ताटात वाढला, वरणाचं भांडं खाली ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आई, भनपुरीला यायले तू पाच वर्षं थांबली, अन् लाडवासाठी एक तास नाही थांबता आलं तुले?"